साडेचार हजार पीएसआय दाबाला पास, एक पीएसआयला नापास

विदर्भातला मे महिना, प्रशिक्षणाचं सेसना १७२पी, आणि टेक लॉगमधला (विमानाच्या नोंदवहीतला) स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद: टेकऑफसाठी फुल थ्रॉटल दिल्यावर सुरुवातीला सगळं ठीक, मग आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) घसरतात आणि इंजिन अडखळतं. वैमानिकाने टेकऑफ सोडून विमान परत आणलं, ते बरं केलं.

आधी आम्ही जमिनीवर रन-अप घेतला, म्हणजे विमान उभं ठेवून इंजिन चालवून पाहिलं. १७०० आरपीएमला दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी देणारे) चोख, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) चोख, आयडल गुळगुळीत. फुल थ्रॉटलला स्टॅटिक (विमान उभं असतानाचे) आरपीएमही हवे तसे २३०० ते २४२० च्या मधे आले. पण थ्रॉटल तसाच धरून ठेवला तर पाऊण-एक मिनिटाने सुई उतरायला लागली. थ्रॉटल मागे घेतला की पुन्हा ठीक.

हे लक्षण इंधन कमी पोहोचत असल्याचं आहे. इंधन हवेत मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असतो, त्यावर इंजिन काही वेळ पूर्ण ताकदीने चालतं. येणारं इंधन खर्चापेक्षा कमी असेल तर साठा संपेपर्यंत काही कळत नाही. म्हणून दहा सेकंदांचा रन-अप इथे निरुपयोगी.

मे महिन्यात हँगरमध्ये सगळ्यांचं बोट आधी व्हेपर लॉककडे, म्हणजे उष्णतेने इंधनाची वाफ होऊन वाट अडण्याकडे जातं. पण सकाळी सहाला, थंड इंजिनवरही तेच झालं, तेव्हा तो विषय मिटला. टाकीत हवा जाण्याचा डाव्या पंखाखालचा व्हेंट मोकळा, टाकी निवडायचा सिलेक्टर लेफ्टवर, राइटवर आणि बोथवर एकच वागणूक, इंधन गाळणाऱ्या स्ट्रेनरची वाटी स्वच्छ, कार्ब्युरेटरच्या तोंडाची जाळीही स्वच्छ. उरला स्ट्रेनर ते कार्ब्युरेटर हा होज, म्हणजे लवचिक नळी.

"सर, होज तर नवाच आहे, टॅग बघा," मेकॅनिक म्हणाला. होज बनवणाऱ्या वर्कशॉपचा टॅग होता, त्यावर चाचणीचा दाब आणि तारीखही होती. पण टॅग पाहून इंधन वाहत नाही, म्हणून फ्लो टेस्ट लावली. विमान हँगरबाहेर, अर्थिंग केलेलं, धातूचा डबा विमानाशी बाँडिंग वायरने जोडलेला, अग्निशामक हाताशी, टाकीत इंधन थोडंच. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या यंत्रणेत प्रवाह टेकऑफच्या खर्चाच्या दीडपट हवा. पूर्ण ताकदीला तासाला १४ अमेरिकन गॅलन धरले तर २१ गॅलन, म्हणजे मिनिटाला साधारण १.३ लिटर. कार्ब्युरेटरकडचं टोक सोडून घड्याळ लावलं, तर डब्यात जेमतेम ०.७ लिटर. होज काढून थेट स्ट्रेनरच्या तोंडाशी मोजलं तर २ लिटरच्या वर. आणि हे विमान सपाट उभं असताना. चढताना नाक वर गेलं की टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या उंचीतला फरक आणखी कमी होतो.

होज बाहेरून निर्दोष होता. आतून एका टोकाने फुंकलं तर हवा अडखळत गेली, दुसऱ्या टोकाने सहज. टॉर्च लावून, होज थोडा वाकवून पाहिलं तेव्हा स्ट्रेनरकडच्या निपलच्या (होजच्या टोकात बसणाऱ्या धातूच्या नळीच्या) पुढे आतल्या रबराचा चंद्रकोरीसारखा पापुद्रा उभा राहिला.

होज डॅश ६ मापाचा, रबरी, एक पदर वायर ब्रेड (विणलेल्या तारांची जाळी) असलेला, पुन्हा वापरता येणाऱ्या फिटिंगचा. अशा फिटिंगमध्ये निपल सॉकेटमध्ये (होजवरच्या बाहेरच्या टोपणात) आवळताना आतून रबर दाबत पुढे सरकतो. तेल न लावता, घाईत आवळला तर तो रबर दाबण्याऐवजी सोलतो. सोललेला तुकडा पुढच्या बाजूने भिंतीला चिकटून राहतो, मोकळी कड निपलकडे. निपलमधून आलेलं इंधन त्या कडेखाली शिरून तिला उचलतं, आणि जितकं जास्त मागाल तितकी ती जास्त उभी राहते.

या होजचा कामाचा दाब २००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि प्रूफ टेस्ट, म्हणजे टॅगवरची दाबाची चाचणी, ४५०० ला. या विमानात त्याच्यावर येणारा दाब मात्र मीटरभर उंचीच्या एव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा), म्हणजे साधारण १ पीएसआय. प्रूफ टेस्टमध्ये दुसरं टोक बंद असतं, आत प्रवाहच नसतो. फुटणं आणि गळणं तिथे कळतं, वाट अडलेली कळत नाही. तो टॅग खोटा नव्हता, फक्त त्याला हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

नवा होज बनवताना आम्ही बारीक दातांच्या करवतीने टोक काटकोनात कापलं, कापायच्या जागी टेप गुंडाळून, म्हणजे ब्रेडच्या तारा उसवत नाहीत. हवेने भुसा साफ. सॉकेट व्हाइसमध्ये धरून होज घड्याळाच्या उलट दिशेने तळापर्यंत, मग पाव वळसा मागे. होजच्या आत आणि निपलवर हलकं इंजिन ऑइल. निपल सावकाश आवळून नट आणि सॉकेटमध्ये बारीक फट ठेवली, १/३२ इंचाच्या आत. नट मोकळा फिरला पाहिजे. त्यानंतर, आणि प्रूफ टेस्टच्या आधी, निपलच्या भोकापेक्षा जरा लहान स्टीलची गोळी दोन्ही दिशांनी सोडली. ती अडकली तर होज बाद. दाबाच्या चाचणीत आधी आतली हवा पूर्ण काढली, मग दाब धरला. ३० सेकंदांपेक्षा कमी नाही, ५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर पुन्हा गोळी.

बसवताना होजवरची लांबीची रेघ सरळ ठेवायची. ती पिळली म्हणजे होज पिळला. दाबाखाली लांबी बदलते, म्हणून ५ ते ८ टक्के ढील. एल्बोला (काटकोनी जोडाला) एक पाना धरून दुसऱ्याने नट. फ्लेअर फिटिंगला टेफ्लॉन टेप लावणारे अजून भेटतात. तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं, टेपचं काम नाही. फायर स्लीव्हची (होजवरच्या आगरोधक आवरणाची) टोकं सीलंटने बंद करून स्टील बँड.

फ्लो पुन्हा मोजला, १.९ लिटर. फुल थ्रॉटल अख्खं दीड मिनिट, आरपीएम जागचे हलले नाहीत. काउलिंग (इंजिनवरचं झाकण) लावण्याआधी पांढरा कागद फिटिंगखाली फिरवला. एव्हगॅस १०० एलएल निळं असतं, डाग लगेच दिसतो.

त्याच वर्कशॉपमधून त्याच तारखेच्या टॅगचे आलेले बाकीचे होजही उतरवले. त्यातल्या एका ऑइल होजमध्ये तसाच, पण छोटा ओरखडा निघाला. दोन्ही होज अहवालासाठी टॅग लावून ठेवले आणि आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंधन होजच्या जॉब कार्डवर दाबाच्या रकान्याशेजारी मिनिटाला किती लिटर, हा रकाना आहे.