नाल्याचं खोलीकरण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचा फलक लागलाय: 'रस्ता काँक्रिटीकरण व नाला खोलीकरणाचे काम चालू आहे.' भाजीची पिशवी खाली ठेवून आईनं तो अक्षरं जुळवत वाचला आणि म्हणाली, "काय गं, नाल्यात खोल्या काढतायत?"

हसू आलं, पण तिचं काय चुकलं? परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या जागेत तिनं चार पोरं वाढवली. खोली म्हणजे ती. नाला नुसता खोल.

मी मुद्रितं तपासते, त्यामुळे हा 'करण' रोज भेटतो. त्याच्या आधीची दीर्घ ई पाणिनीच्या घरची. जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं, यासाठी त्यानं 'च्वि' प्रत्यय सांगितला. गंमत म्हणजे हा प्रत्यय स्वतः अख्खा लोप पावतो आणि जाताना शब्दाच्या शेवटच्या 'अ'ची 'ई' करून जातो. शुद्ध, शुद्धीकरण. त्याच साच्यात आता काँक्रीट ओतलंय. 'खोल करतायत' म्हटलं की कोण, असं विचारता तरी येतं. 'खोलीकरण' आपोआप चालू असतं.

आईची नामं आखूड. दळण, सारवण, धुणं. 'गोडपणा' तिच्या तोंडी कधी ऐकला नाही. आंब्याला गोडी असते आणि गळ्यात गोडवा. असा भेद जपानीतही आहे. 'फुकाई' म्हणजे खोल. त्यावरून 'फुकासा' ही मोजता येणारी खोली, समुद्राची वगैरे. 'फुकामी' ही जाणवणारी, एखाद्याच्या बोलण्यातली. आमच्याकडे दोन्हींना खोलीच, वर भाड्यानं मिळते तीही.

फलकाच्या तळाशी 'अधिक तपशीलासाठी संपर्क' असं आहे. (तपशिलासाठी हवं. सवय जात नाही.) हा 'तपशील' अरबी. तिथे शेपूट न लावता, पुढे 'त' जोडून आणि शब्दाच्या आतले स्वर बदलून असं क्रियापदाचं नाम करतात: फ-स-ल या तीन व्यंजनांवरून तफ्सील, म्हणजे वेगवेगळं करून सांगणं. तालीम, तहसील, तजवीज ही सगळी त्याच ठशातली भावंडं. फक्त आमच्याकडे येऊन एक आखाड्यात गेलं, एक सरकारी नोकरीला लागलं.

संपर्काच्या नंबरावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलीय.

काल आई पुन्हा तिथे थबकली. फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "खणलं मेल्यांनी परत," म्हणाली आणि साडी सावरत फळीवरून पलीकडे गेली.