यंदा तरी जाणार का?

ऑफिसच्या लिफ्टमध्ये, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, आणि रविवारी सांगलीहून येणाऱ्या मेव्हण्याच्या फोनवर मला प्रश्न एकच असतो. ‘काय दाजी, यंदा तरी जाणार का तुमची टीम?’

टीम म्हणजे सिअ‍ॅटल मॅरिनर्स. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमधल्या तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचं, तोंडही न पाहिलेला हा एकच संघ. स्थापना १९७७ची. मी इथे आलो २०११ मध्ये, आणि त्याच जुलैत हे लोक ओळीने १७ सामने हरले. तिकीट स्वस्त होतं आणि मला ओळखीचं कुणी नव्हतं. तिथून जे चिकटलो ते चिकटलोच.

मेव्हणा क्रिकेटवाला. त्याला वाटतं प्लेऑफ म्हणजे चांगली टीम जाते, वाईट राहते. इथे हंगामात १६२ सामने असतात आणि बऱ्यापैकी टीमसुद्धा त्यातले सत्तर हरते. तीस संघांच्या दोन लीग आहेत; पंधरा संघांच्या आमच्या लीगमधून सहा प्लेऑफला जातात. २०२३ मध्ये आम्ही ८८ जिंकलो, एका सामन्याने हुकलो. २०२४ मध्ये ८५ जिंकलो, पुन्हा एकानेच. टीमचा कारभार बघणारे जेरी डिपोटो २०२३च्या हंगामानंतर म्हणाले की दहा वर्षं ५४ टक्के सामने जिंकत राहिलं की वर्ल्ड सिरीज लांब नाही. गावभर शिव्या खाल्ल्या त्यांनी. गंमत म्हणजे त्या वर्षीचे ८८ विजय म्हणजे ५४ टक्क्यांहून कणभर जास्तच होते, आणि आम्ही ऑक्टोबरात घरी होतो.

म्हणून सप्टेंबरात श्वास रोखून बसणाऱ्यांचं मला हसू येतं. तो एक सामना आपण मे महिन्यातल्या कुठल्यातरी मंगळवारी, अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये, नवव्या म्हणजे एरवी शेवटच्या इनिंगमध्ये घालवलेला असतो. मी तिथे होतो. बाजूच्या रुळांवरून मालगाडी भोंगा वाजवत गेली, आमच्या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, दोन वॉक दिले (बॅटरला फुकटात पहिला बेस), आणि पुढच्या बॅटरने चेंडू लांब टोलवला. मागच्या रांगेतले आजोबा स्कोअरकार्डची घडी घालत म्हणाले, उद्या आहेच की सामना.

२०२२ मध्ये मात्र प्लेऑफला गेलो. एकवीस वर्षांनी. १५ ऑक्टोबरला ह्यूस्टनशी आमच्या मैदानावर सामना, अठरा इनिंग, सहा तास बावीस मिनिटं चालला, आणि सतरा इनिंगपर्यंत कुणाचाच रन नाही. लोकांनी नशीब पालटावं म्हणून पायातला बूट काढून डोक्यावर धरला. मीही धरला, आणि उत्साहात फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन. ‘अरे, डोक्यावर पायताण? आणि वर फोटो काढतोस?’ अठराव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या पेन्याने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, ०-१. आईचं म्हणणं आजही हेच की बुटानेच घात केला.

आणि मग २०२५. डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आमचा पाच संघांचा गट, जिंकली, आमच्या कॅचरने, कॅल रालीने, ६० होमरन मारले, प्लेऑफमध्ये डेट्रॉइटला पंधराव्या इनिंगमध्ये पाडलं. मग लीगच्या फायनलमध्ये टोरांटोशी सातवा, निर्णायक सामना नेमका २० ऑक्टोबरला, आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. बायको म्हणाली, पूजा सामन्याआधी उरकू या, नाहीतर तुझं लक्ष नसणार. उरकली. सातव्या इनिंगमध्ये आम्ही ३-१ ने पुढे. मी आउट मोजत होतो: वर्ल्ड सिरीजला आठ कमी. हातात चकली होती. टोरांटोच्या स्प्रिंगरने चेंडू डावीकडच्या कुंपणापलीकडे धाडला, बेसवर दोघं उभे होते, म्हणजे एका फटक्यात ३-४. आमचा सगळ्यात भरवशाचा पिचर मुन्योस तेव्हा बसूनच होता. त्याला का आणलं नाही, यावर मी दोन महिने लोकांशी भांडलो. ती चकली बायकोने सकाळी टीव्हीच्या शेजारी सापडली म्हणून दाखवली, अर्धी खाल्लेली.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला. फराळ, कंदील, पाऊस, सगळं विचारलं. टीमचं एक अक्षर नाही. इतका समजूतदारपणा मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हता.

तर उत्तर. पोलँको गेला, सुआरेझ गेला, दोघेही मोक्याला मारणारे. पण नेलरला पाच वर्षांसाठी ठेवून घेतलं, राली आहे, आणि कर्बी, गिल्बर्ट, वू असे पिचर असताना ओळीने आठ-दहा हरण्याची वेळ सहसा येत नाही. प्लेऑफला जाणार. हे मी दरवर्षी म्हणतो हे खरं, पण यंदा आकडेही माझ्या बाजूने आहेत. वर्ल्ड सिरीजचं विचारत असाल, तर माझा मजला आला, मी उतरतो.