सावलीची कड

दिनदर्शिकेत छापलेली सूर्योदयाची वेळ खोऱ्यात राहणाऱ्यांच्या फारशी उपयोगाची नसते. सूर्य क्षितिजावर येऊन बराच वेळ झाला तरी पूर्वेकडचा डोंगर त्याला अडवून धरतो. ऊन आधी समोरच्या, पश्चिमेकडच्या माथ्यावर पडते आणि सावलीची कड उतारावरून हळूहळू खाली सरकत गावात येते. लहानपणी शाळेला निघण्याची वेळ मी त्या कडेवरून ओळखत असे. आज पन्नाशी उलटल्यावरही सकाळी खिडकी उघडली की नजर आधी तिथेच जाते.

उन्हाचे मोल खोऱ्यातल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. इटलीतल्या विगानेल्ला या चिमुकल्या गावात हिवाळ्यात सुमारे 83 दिवस ऊन पोहोचतच नसे, म्हणून 2006 साली तिथल्या लोकांनी समोरच्या उतारावर मोठा आरसा बसवून गावच्या चौकात ऊन वळवून आणले. नॉर्वेतल्या र्‍युकान गावानेही 2013 मध्ये असेच आरसे उभारले. या बातम्या अनेकांनी नवलाची गोष्ट म्हणून वाचल्या असतील. मला मात्र त्या चौकात पहिल्यांदा ऊन पडले तेव्हा उभे असलेल्या माणसांच्या मनात काय आले असेल, ते नीट कळले.

आमच्या गावाची जुनी वस्ती नदी आणि डोंगर यांच्या मधल्या एका पायरीसारख्या सपाटीवर आहे. नदीकाठची जमीन अधिक सपाट असूनही तिथे पूर्वी कोणी घर बांधले नव्हते. यामागचे एक कारण थंडी असावे, असे मला वाटते. स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री डोंगरउतार लवकर निवतात, त्यांना लागून असलेली हवा गार व जड होते आणि पाण्यासारखी वाहत तळाशी येऊन साचते. एरवी उंचीबरोबर हवा गार होत जाते. अशा रात्री मात्र तळाशी कडाक्याची थंडी आणि उतारावर त्या मानाने ऊब असते. जुन्या घरांची पायरी बहुतेक वेळा त्या थंड तळ्याच्या काठावर राहत असे. हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते, पण घरे कुठे आहेत हे पाहिले की लक्षात येत असे.

याच साचलेल्या हवेने आता दुसरे रूप घेतले आहे. थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले की धूर वर जाऊ शकत नाही. घरे मोजकी आणि वाहने तुरळक होती तेव्हा सकाळचे धुके नुसते धुके होते. आता त्याला वास असतो, आणि उतारावरून पाहिले तर गावावर करड्या रंगाचा एक सपाट थर पसरलेला दिसतो. बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात डिसेंबर 1930 मध्ये कारखान्यांचा धूर असाच कोंडला आणि काही दिवसांत सुमारे 60 माणसे दगावली. अमेरिकेतल्या डोनोरा या गावात ऑक्टोबर 1948 मध्ये 20 जणांचा जीव गेला. आमच्याकडे तेवढे कारखाने नाहीत, परंतु झाकण तेच आहे आणि त्याखाली काय सोडायचे हे आपल्याच हातात आहे, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

सर्वांत मोठा बदल नदीकाठी झाला. बोगदा झाला, रस्ता रुंदावला, बाहेरून माणसे राहायला येऊ लागली आणि सपाट जमिनीला भाव आला. पाहता पाहता पूर ज्या जागी पसरत असे तिथे घरे, गोदामे आणि वाहनतळ उभे राहिले. नदीला पसरायला जागा उरली नाही की पाणी उंचावते, आणि पात्र सरळ करून भिंती घातल्या की ते वेगाने खालच्या वस्तीवर जाते. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचेही तसेच: माती आणि झाडी त्याला थोपवून धरत, सिमेंट आणि डांबर ते काही मिनिटांत नदीत आणून सोडतात. नवी घरे बांधणारे शेजारी मला सांगत की असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो. परंतु त्या शब्दांचा अर्थ दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता, असा आहे. तीस वर्षे त्या घरात राहिलात तर तो निदान एकदा येण्याची शक्यता सव्वीस टक्के होते. जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात 1804 आणि 1910 साली भयंकर पूर आले होते. तरीही जुलै 2021 मध्ये पाणी आले तेव्हा त्या एका खोऱ्यात 130 हून अधिक माणसे गेली. दोन-तीन पिढ्या उलटल्या की पाण्याची खूण भिंतीवरून पुसली जाते, रंगाखाली जाते, आणि तिच्याबरोबर भीतीही जाते.

उताराची गोष्टही वेगळी नाही. सपाटी संपल्यावर लोक डोंगर कापू लागले. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. झाडे गेली की मुळांची पकड जाते. पाणी मुरून माती जड झाली की दरड सुटायला एक जोरदार पाऊस पुरतो.

तरीही जुने दिवस परत यावेत, असे मी म्हणणार नाही. बोगदा नव्हता तेव्हा आई रात्री आजारी पडली आणि घाटातली वळणे पार करून रुग्णालय गाठायला आम्हाला तीन तास लागले होते. त्या वाटेवर मागच्या आसनावर तिचे डोके मांडीवर घेऊन बसलेला मी, आज त्याच अंतराला चाळीस मिनिटे लागतात याला वाईट कसे म्हणू? डोंगरमाथ्यावर मनोरा उभा राहिला म्हणून परगावी गेलेल्या मुलांचा आवाज रोज ऐकू येतो. माझी तक्रार रस्त्याशी नाही, रस्त्यामागून आलेल्या घाईशी आहे; कारण कागदावर आखलेल्या भूखंडात ओढ्याची वाट दिसत नाही आणि सावली तर मुळीच दिसत नाही.

गेल्या वर्षी एक तरुण जोडपे जागा पाहायला आले. त्यांना आवडलेल्या भूखंडातून एक कोरडा ओढा जात होता आणि तो बुजवून अंगण करण्याचा त्यांचा विचार होता. मी त्यांना पहिला मोठा पाऊस होईपर्यंत थांबण्याची विनंती केली. पाऊस झाला त्या दिवशी आम्ही तिघे छत्र्या घेऊन तिथे उभे राहिलो. गुडघाभर गढूळ पाणी दगड लोटत चालले होते. त्यांनी जागा तीच घेतली, पण आराखडा बदलला. घर पायरीवर सरकले, ओढा मोकळा राहिला, आणि स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी पश्चिमेच्या डोंगराकडे ठेवली आहे, सकाळी सावलीची कड उतरताना दिसावी म्हणून.