वाचून पाहिला, समजून घेतला, बरोबर आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या माझ्या टेबलासमोर सव्वीस वर्षांत जेवढे बसून गेले, त्यांतल्या निम्म्यांनी तरी विचारलं असेल.

मी दस्तलेखक. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार असलं लिहून देतो. नोंदणी कार्यालयात टोकनचा नंबर येईपर्यंत माणसं बसून राहतात आणि राजकारणावर बोलतात, कारण जमिनीच्या भावावर बोलावं तर समोरचा पक्ष शेजारीच बसलेला असतो. अधिवेशन चालू असलं की हमखास निघतं : हे आमदार-खासदार जे पास करतात ते वाचतात तरी का? आणि लगेच पुढचं : न वाचता मत द्यायचं नाही, असा कायदाच का करत नाहीत? लोक मला वकील समजतात. मी नाही. पण न वाचता सही करणं या विषयात माझ्याएवढं पाहिलेला माणूस नाशकात सापडणं कठीण.

प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ओळ असते. ‘सदरचा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला असून तो वाचून पाहिला, समजून घेतला, तो बरोबर आहे म्हणून त्यावर सही केली असे.’ टाइपरायटरच्या दिवसांत ही ओळ मी डोळे मिटून मारायचो, आता ती कॉम्प्युटरमध्ये आयतीच पडलेली असते. ओळीखाली सही करणाऱ्यांपैकी सगळा दस्त वाचणारे बोटांवर मोजावेत. लोक विचारतात ते एकच : ‘कुठे कुठे करू?’ मग मी पानं उलटत बोट ठेवत जातो आणि ते बोटामागे सही करत जातात. चाळीस लाखांच्या व्यवहारात बयाणा रोख की चेकने यावर तासभर हुज्जत घालणारा माणूसही चतुःसीमेच्या परिच्छेदावरून नजर फिरवत नाही. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, हे त्याला पाठ असतं म्हणे. दस्तात तेच लिहिलंय का, हे बघायचं मात्र राहून जातं.

दुसऱ्यांना कशाला हसू? घरासाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेने पुढे केलेल्या बाडावर मीही अशाच सह्या ठोकल्या. कोणती बँक ते राहू द्या. व्याजदर बदलता आहे हे पहिला हप्ता वाढला तेव्हा कळलं. बायको म्हणाली, दुसऱ्यांचे दस्त लिहिता ना तुम्ही?

तेव्हा वाचन सक्तीचं करा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर नको असं आहे. सक्ती केली की काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं : एक छापील कागद, त्यावर ‘विधेयक वाचून पाहिले, समजून घेतले’ अशी ओळ, आणि सभागृहाच्या दारात सदस्य विचारतोय, कुठे करू? अमेरिकेत हा प्रस्ताव खरोखर मांडला गेलाय. बाजूने मत देणाऱ्याने विधेयक वाचल्याचं शपथेवर लिहून द्यायचं. म्हणजे प्रतिज्ञापत्रच की. तिथल्या काँग्रेसने तो काही पास केलेला नाही.

बरं, आपल्याकडेही विधेयकाच्या टप्प्यांची नावं पाहा : पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन. ही रीत इंग्लंडच्या संसदेची. छापील प्रती हातोहाती मिळत नव्हत्या तेव्हा कारकून उभा राहून विधेयक खरंच वाचून दाखवायचा. छपाई आली, वाचणं गेलं, नाव तेवढं उरलं. मग पुन्हा मोठ्याने वाचायला लावावं का? तेही करून झालंय. मार्च २०२१ मध्ये अमेरिकन सिनेटमधल्या रॉन जॉन्सन यांनी कोविड मदतीचं ६२८ पानांचं विधेयक अडवण्यासाठी ते पूर्ण वाचून दाखवण्याची मागणी केली. पावणेअकरा तास कारकून आळीपाळीने वाचत होते. रात्रभर सभागृह जवळजवळ रिकामं.

आता विधेयक या कागदाविषयी. आमच्या धंद्यात चूकदुरुस्ती लेख असतो. मूळ खरेदीखतात गट नंबर चुकला, तर ‘अमुक ऐवजी तमुक वाचावे’ असा पानभराचा लेख करायचा. मूळ दस्त शेजारी नसेल तर त्याच्यावरून काहीही कळत नाही. सभागृहापुढे येणारी बरीच विधेयकं अशीच असतात, दुरुस्तीची. ‘मूळ अधिनियमाच्या कलम अमुकच्या पोट-कलम (२) मध्ये “किंवा” या मजकुराऐवजी “आणि” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ वाचलं, समजून घेतलं, बरोबर आहे? शिवाय जिथे जीव असतो तिथे लिहिलेलं असतं ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’. म्हणजे खरं काय ते पुढे नियमांत येणार, आणि नियम मंत्रालयात होणार. आणि कधी तर वाचायला आमदार समोर नसतातच. शंभरचा बाँड गेला आणि पाचशेचा लागायला लागला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, वटहुकमाने. रोज चारदोन जण त्यावरून माझ्याशी भांडतात. स्टॅम्प छापणारा कारखाना नाशिकरोडला, म्हणून किंमतही इथेच कोणीतरी ठरवतं असं काहींना वाटतं.

कांद्याचं उदाहरण मात्र नीट सांगायला हवं, कारण निफाडकडची माणसं टेबलावर आली की तेच काढतात. सप्टेंबर २०२० मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती आली. ‘कांदा यादीतून काढला’ असं जो तो म्हणत होता. विधेयक जेमतेम दोन-तीन पानांचं. त्यात ‘काढला’ असं नव्हतंच. युद्ध, दुष्काळ, भाववाढ, गंभीर नैसर्गिक आपत्ती अशा असाधारण परिस्थितीतच नियंत्रण आणता येईल, आणि कांद्यासारख्या मालाचा किरकोळ भाव दुपटीवर गेला तर साठ्यावर मर्यादा घालता येईल, असं होतं. म्हणजे दार लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. २३ ऑक्टोबरला ते उघडलं : घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. ज्याने ती दोन-तीन पानं वाचली असतील त्याला नवल वाटलं नसेल.

पण लगेच वाचणाऱ्याची पाठ थोपटू नका. लोकसभेने हे विधेयक १५ सप्टेंबरला मंजूर केलं आणि त्याच्या आदल्याच दिवशी, १४ तारखेला, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. ती १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली. लासलगावात भाव कशाने पडणार, हे त्या विधेयकात शेवटपर्यंत वाचूनही सापडलं नसतं, ते दुसऱ्याच कायद्यात होतं. आमच्याकडे वाईट दस्त असाच असतो. दस्तात सगळं ठीक, आणि कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत.

त्याच महिन्यातले बाकीचे दोन शेती कायदे राज्यसभेत आवाजी मतदानाने, गोंधळात मंजूर झाले. वर्षभराने, २९ नोव्हेंबर २०२१ ला, तिन्ही कायदे रद्द करणारं विधेयक एकाच दिवसात दोन्ही सभागृहांतून चर्चेविना गेलं. कायदे चांगले होते की वाईट यावर माझ्या टेबलावर आजही दोन तट आहेत. आणताना आणि काढताना घाई सारखीच होती, एवढ्यावर दोघांचं जमतं.

आणि समजा एखाद्याने रात्र जागून वाचलं. मग? १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आयाराम-गयाराम थांबवायला केलेला कायदा. ते किती थांबले ते आपण महाराष्ट्रात बसून पाहिलंच आहे. वाचणारा झाला काय आणि न वाचणारा झाला काय, दोघांनी दाबायचं बटण एकच. माझ्याकडे मुखत्यारपत्रावर सही करायला येणारा माणूस दस्त वाचत नाही, कारण निर्णय घरी झालेला असतो. खासदाराचं वेगळं काय? मनीष तिवारी यांनी, व्हिप सरकार तरण्या-पडण्याच्या आणि पैशाच्या मतदानापुरताच असावा, अशा अर्थाचं खासगी विधेयक मांडलंय. मला ते पटतं. पण दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं शेवटचं खासगी विधेयक १९७० सालचं.

तेव्हा सक्तीपेक्षा मी वेळ मागीन. लोकसभा अध्यक्षांच्या निर्देशांत आहे की विधेयक मांडण्याआधी किमान दोन दिवस प्रती सदस्यांच्या हाती हव्यात. सूट द्यायची सोयही आहे, आणि ती वापरली जाते. समितीकडे विधेयक गेलं की सदस्य कलम कलम घेऊन बसतात, बाहेरच्यांना बोलावतात, तिथे वाचन होतं. पीआरएस या संस्थेच्या मोजणीप्रमाणे पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६. माझी तक्रार आहे ती या आकड्याशी. घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलं. वाचल्याशिवाय एवढ्या दुरुस्त्या सुचत नाहीत.

माझ्याकडे एकदा हक्कसोडपत्र होतं. दिंडोरी तालुक्यातल्या तीन बहिणी, एक भाऊ. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, संसदेने २००५ साली. सोडायला तीन पानं आणि दोन मिनिटं लागतात. धाकट्या दोघी शिकलेल्या, त्यांनी ‘कुठे कुठे’ विचारून सह्या केल्या. थोरलीचा अंगठा. अंगठा असला की दस्त वाचून दाखवायचा असतो. मी नेहमीसारखं थोडक्यात सांगायला लागलो.

‘तसं नको भाऊ. समदं वाच.’

वाचलं. दोन गट नंबर झाले, पुढे गावठाणातली मिळकत आली, तशी ती म्हणाली, ‘हे तिसरं काय?’

‘घर, मावशी.’

‘आईचं? शेताचं बोलले होते. घराचं कोण बोललं?’

मिळकतींची चिठ्ठी भावाने दिलेली. तो मोबाइलमध्ये पाहत म्हणाला, ‘ताई, एकाच फेरीत काम होईल म्हणून.’ धाकट्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. टोकन गेलं, त्या दिवसाचं काम राहिलं, आणि भाऊ माझ्यावरच चिडून गेला.

पंधरा दिवसांनी चौघं परत आली. घर काढलेलं होतं, बाकी दस्त अक्षर न् अक्षर तोच. मी काढलेली जागा बोटाने दाखवली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. तिने पदराखालून हातच काढला नाही.

‘मावशी, तेवढंच बदललंय. बाकीचं मागे ऐकलंय तुम्ही.’

‘ते काढल्यावर बाकीच्याचं काय झालं, ते कळाया नको?’

मी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. या वेळी धाकट्या दोघीही खुर्च्या जवळ ओढून बसल्या.