ग्लासगोतलं ऊन आणि बाळाची हाडं

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत बाळ जन्मलं की घरून फोनवर ठरलेला प्रश्न येतो, "तेल लावता ना? ऊन दाखवता ना?" तेल लावतो. उन्हाचं मात्र अवघड आहे. हे शहर जवळजवळ ५६ अंश उत्तरेला. ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की लख्ख ऊन पडलं तरी त्वचेत ड जीवनसत्त्व जवळपास तयार होत नाही. खिडकीतल्या उन्हाचा तर उपयोगच नाही, हवे ते अतिनील किरण काच अडवते. त्यात आपल्या सावळ्या त्वचेला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं.

म्हणून इथे अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात, कारण आईच्या दुधात ते फार थोडं असतं. भारतातून आलेल्या आज्यांना हे पटत नाही. धडधाकट बाळाला औषध कशाला?

कशाला ते मी ओळखीच्या एका घरात पाहिलं. मूल दीड वर्षाचं झालं तरी पाऊल टाकेना. अंगाने बाळसेदार, हसरं, फक्त मनगटं जाड. सगळे म्हणत, चालेल हो, बापही उशिराच चालला होता. एक्स-रेमध्ये मनगटाजवळच्या हाडांची टोकं रुंद, खोलगट आणि कडांना उसवलेली दिसली. मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार.

मुलाचं हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेतून. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरले की ती टणक होते. ड जीवनसत्त्व नसेल तर आतड्यांतून कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही, कूर्चा नुसती साचत राहते आणि हाड मऊ पडतं. मूल उभं राहिलं की वजनाने पाय वाकतात. बरगड्यांच्या टोकांना गाठी येतात, दात उशिरा येतात. रक्तातलं कॅल्शियम फारच घसरलं तर तान्ह्या बाळाला झटकेही येतात.

या शहराला हा आजार नवा नाही. धुराने काळवंडलेल्या जुन्या ग्लासगोत वाकड्या पायांची मुलं गल्लोगल्ली दिसत. १९१९च्या सुमारास ब्रिटिश संशोधक एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताचं तेल मुडदूस रोखतं हे दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ते लहान मुलांना पुरवलं आणि आजार हटला. १९६० नंतर तो पुन्हा दिसू लागला, तो भारत-पाकिस्तानातून आलेल्या घरांतल्या मुलांत. म्हणजे आपल्यात. मग शहराने थेंब फुकट वाटले आणि रुग्ण घटले. एवढा साधा उपाय असताना एकाही मुलाचे पाय का वाकावेत?

त्या मुलाला ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू झालं, काही महिन्यांत ते चालायला लागलं. लहानपणीच उपचार मिळाले तर पाय बहुतेक वेळा वाढीबरोबर सरळ होतात. फार उशीर झाला तर शस्त्रक्रिया करावी लागते.

परदेशी लेकी-सुनांकडे बाळंतपणाला निघालेल्यांनी एक लक्षात ठेवा. बाळाची ड जीवनसत्त्वाची रोजची मात्रा साधारण ४०० युनिट; ती म्हणजे किती थेंब, हे प्रत्येक बाटलीगणिक बदलतं. कुठे एकच थेंब पुरतो, कुठे अख्खा मिलिलिटर लागतो. तेव्हा भारतातली बाटली नेली तर तिच्यावरची मात्रा आधी तिथल्या नर्सला दाखवा, आणि दोन बाटल्या एकदम चालू ठेवू नका.