६०० किलोंच्या मर्यादेतले स्कायकॅचर

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने २००४ मध्ये हलक्या क्रीडा विमानांचा नवा वर्ग मान्य केला. फार तर दोन आसने, एकच इंजिन आणि धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानासाठी कमाल ६०० किलो वजन, या त्याच्या मुख्य अटी होत्या. सेसना कंपनीच्या ‘१५२’ या दोन आसनी शिकाऊ विमानाचे उत्पादन १९८५ मध्येच थांबले असले तरी आपल्या बारामतीपासून अमेरिकेपर्यंत कितीतरी वैमानिक त्याच जुन्या विमानांवर तयार होत होते. त्यामुळे सेसनाने या वर्गात ‘स्कायकॅचर’ आणायचे ठरवले, ते मला आजही रास्तच वाटते.

घोडे अडले ते इंजिनपाशी. २००६ मध्ये उडालेल्या पहिल्या नमुन्यात रोटॅक्सचे हलके इंजिन होते. उत्पादनासाठी मात्र १०० अश्वशक्तीचे, वजनाने जड असे कॉन्टिनेंटल ओ-२०० निवडले गेले, कारण जुन्या सेसना १५० मुळे ते मेकॅनिकांच्या हातातले होते. परिणामी रिकामे विमानच ३७८ किलोंच्या आसपास गेले. टाकी पूर्ण भरली की सुमारे ६५ किलो इंधन होते, आणि प्रशिक्षक, विद्यार्थी व सामान मिळून जेमतेम १५५ किलो उरतात. कॉकपिट सुमारे ११२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन धिप्पाड माणसे ऐसपैस बसतील एवढे; पण त्यांना न्यायचे तर इंधन कमी भरावे लागते. शिकाऊ विमानात ही तडजोड मला फार मोठी वाटते.

चाचण्यांबाबत मात्र सेसनाचे कौतुकच करायला हवे. सप्टेंबर २००८ मध्ये गिरकीच्या, म्हणजे विमान गरगरत खाली येण्याच्या चाचणीत ते सावरले नाही, अख्खे विमान खाली उतरवणारे त्याचे पॅराशूटही उघडले नाही आणि वैमानिकाला उडी मारावी लागली. शेपटीची रचना बदलल्यावर मार्च २००९ मध्ये दुसरे विमानही गिरकीत सापडले; या वेळी ते पॅराशूटच्या आधाराने खाली आले. या वर्गाच्या मानकांना आवश्यक नसलेल्या चाचण्याही कंपनीने घेतल्या आणि आराखडा पुन्हा सुधारला.

२००७ मध्ये १,०९,५०० डॉलर असलेली किंमत २०११ मध्ये १,४९,९०० डॉलरवर गेली. विक्री २०० च्या आतच राहिली, २०१३ अखेर विमानाचे उत्पादन बंद झाले आणि न विकलेली विमाने पुढे मोडीत काढली गेली. एफएएने २०२५ मध्ये नियम बदलले आणि क्रीडा वैमानिकांसाठी, म्हणजे या वर्गातली विमाने उडवण्याचा परवाना असलेल्यांसाठी, वजनाची अट काढून टाकली. आता त्याच परवान्यावर सेसना १५२ सुद्धा उडवता येते.