करमतं का तिथे?

गेली पाच वर्षं हा एकच प्रश्न ऐकते आहे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या शेजारणी विचारतात, नणंद विचारते, राम मारुती रोडवर अचानक भेटलेली शाळेतली मैत्रीण विचारते. "अजून शहापूरलाच? करमतं का गं तिथे?" रस्त्यात उभ्या उभ्या मी "हो, करमतं की" म्हणते आणि पुढे निघते. पण ते काही उत्तर नव्हे. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा हातात येणाऱ्या भाड्यात ठाण्यात धड जागा मिळेना. यांची नोकरी संपलेली, मुलगी पुण्याला. यांच्या एका मित्राचं शहापुरातलं घर रिकामं होतं. दोन-अडीच वर्षांचा तर प्रश्न, म्हणून आलो. निम्मं सामान खोक्यांतच ठेवलं. मग इमारत उभी राहिली, किल्ल्या मिळाल्या, आणि आम्ही ते घर भाड्याने देऊन इथेच राहिलो. खोकी त्या दिवाळीत उघडली.

तुम्हाला वाटतं इथे फार शांतता असेल. तशी नाही. नाशिक हायवे जवळ आहे, ट्रकांची घरघर रात्रभर चालू असते. लग्नसराईत बेंजो वाजायला लागला की खिडकी लावूनही उपयोग नाही. पावसाचे दोन थेंब पडले की लाइट जाते, आणि ती कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा शांततेसाठी यायचं असेल तर येऊ नका.

गाडीचंही सांगते. आसनगाव स्टेशन गावापासून तीन-एक किलोमीटर, तिथपर्यंत शेअर रिक्षा. कसाऱ्याच्या लोकल मोजक्या. ठाण्यात एक गाडी गेली तर दुसरी पकडू, असं आयुष्यभर केलेलं. इथे एक चुकली की बराच वेळ बाकावर बसून राहायचं. पहिल्या वर्षी जीव नुसता तळमळायचा. आता पिशवीत पुस्तक असतं, नाहीतर शेजारी बसलेली बाई कुणाच्या बारशाला चालली आहे ते विचारते. इथले कितीतरी जण रोज पहाटे अंधारात निघून ठाण्या-मुंबईला कामाला जातात नि रात्री परततात. खरा प्रवास त्यांचा, माझा महिन्यातून दोनदा.

एक रात्र मात्र मी विसरू शकत नाही. यांच्या छातीत दुखायला लागलं. इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे आधी नेलं, पण पुढच्या तपासण्यांसाठी ठाणं गाठायला सांगितलं. हायवेचं काम चाललेलं, गाड्यांची रांग लागलेली, आणि मी मागच्या सीटवर यांचा हात धरून बसलेली. सुदैवाने तो झटका नव्हता. पण त्या दीड तासात मी स्वतःलाच विचारत होते, आपण इथे का राहिलो? ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, त्यांनी हा विचार सगळ्यांत आधी करावा. मनापासून सांगते.

मग का करमतं?

मागच्या खिडकीतून माहुली दिसतो. त्याचे ते सुळके, नवरा-नवरी आणि भटजी, आधी मला एकमेकांतून ओळखू यायचे नाहीत. १६३६ साली शहाजीराजांना निजामशाहीसाठी चाललेली झुंज याच किल्ल्यावर थांबवावी लागली. शाळेत एका ओळीत पाठ केलेलं ते वाक्य आता रोज चहा घेताना समोर उभं असतं. पावसाळ्यात तो दिवस दिवस ढगात असतो. संध्याकाळी अचानक उघडतो तेव्हा यांना हाक मारून बोलावते. पाच वर्षं झाली तरी बोलावते.

आणि बाजार. मेअखेरीस, जूनच्या तोंडाला एखादी सर पडून गेली की आसपासच्या पाड्यांवरच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. सगळ्यांत आधी शेवळं. ठाण्यात स्टेशनबाहेर मीही घ्यायचे, पण ती कुठून येतात हा विचार मनात आला नव्हता. पहिल्या वर्षी एका म्हातारीकडून दोन वाटे घेतले नि निघाले, तर तिने मागून हाक मारली. "काकडं न घेता चाललीस? नरडं खाजल तुझं!" मग मला शेजारी बसवून घेतलं. वरचं आवरण कसं सोडवायचं, आतला पिवळा भाग नखाने कसा खरवडून काढायचा, तो चिमूटभरही राहता कामा नये, आणि काकडाची ती हिरवी आंबट फळं ठेचून त्यांचा रस घातला की खाज कशी मरते, हे तिने एक शेवळ हातात धरून सगळं दाखवलं. तिची बोटं काळी पडलेली, नखांत माती, आणि ती फिरत होती इतकी हलकी की त्या कोंबाला कुठे ओरखडा नव्हता. पहाटे तीनला उठून रानात गेली होती. एका वाटय़ाचे तिने तीस रुपये घेतले. मी त्या दिवसापासून भाजीचा भाव करणं सोडलं.

मग येतो टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली. कुठली भाजी कोणत्या पावसानंतर, हे आता मला कॅलेंडर न बघता कळतं. श्रावण लागायच्या आत काय खाऊन घ्यायचं आणि गौरीला काय लागेल, हे माझी आजी बोलायची. तिच्या बोलण्याचा अर्थ मला साठाव्या वर्षी लागला.

पण ज्या गोष्टीने मला इथे धरून ठेवलं ती पाणी.

मी वर्षानुवर्षं ठाण्यात भातसा धरणाचं पाणी प्यायले. पिसे गावाजवळ नदीतून उचललेलं पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होऊन ठाण्यात येतं. मुंबईचं तर जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. तानसा १८९२पासून मुंबईची तहान भागवतंय. भातसा, तानसा, मोडकसागर, तिन्ही धरणं याच शहापूर तालुक्यात. हे सगळं पेपरात वाचलेलं होतं. ऑगस्टमध्ये 'धरण भरलं, चिंता मिटली' अशी बातमी आली की आम्हीही सुस्कारा सोडायचो. त्याच वेळी दरवाजे उघडणार म्हणून नदीकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात, हे इथे आल्यावर कळलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एका पाड्यावरून काळी-पिवळीने येतात. आमच्या पहिल्याच मे महिन्यात त्या सलग तीन दिवस उशिरा आल्या. मी जरा चिडूनच विचारलं. म्हणाल्या, "टँकर आला नव्हता, ताई. आला की विहिरीत ओततो, मग सगळ्या तुटून पडतात. हंडा भरल्याशिवाय कशी निघू?" मी गप्प झाले. त्या भांडी घासायला बसल्या. नळ बारीक सोडलेला, एकेक भांडं त्या धारेखाली धरून लगेच नळ बंद करायचा. थोड्या वेळाने मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमच्या ठाण्यात रोज येतं का हो पाणी?"

"येतं," मी म्हटलं.

"भातसाचंच ना?"

"हो."

"बरंय," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्यांच्या सासऱ्यांची जमीन धरणात गेली, हे मला पुढच्या वर्षी समजलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

त्यानंतर मला ठाण्याला परत जाऊन तो नळ पूर्वीसारखा सोडता आला नसता. दर उन्हाळ्यात धरणांच्या या तालुक्यात पाड्यांवर टँकर फिरतात, ही गोष्ट मला रोज छळते. इथल्या काही जणी मिळून टँकर कुठे आला, कुठे आला नाही याची वही ठेवतात आणि दर आठवड्याला ती घेऊन तहसील कचेरीत जातात. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली. मार्च ते जून माझी दुपार त्या वहीत जाते. अमुक पाडा, दोन दिवस नाही. तमुक पाडा, आला पण अर्धा. नोकरीतही मी इतक्या काळजीने काही लिहिलं नव्हतं.

ठाण्याची आठवण येते. मराठी ग्रंथसंग्रहालयाची येते, तळावपाळीवरच्या संध्याकाळची येते, गडकरीतून नाटक सुटल्यावर बोलत बोलत चालत घरी यायचो त्याची तर फारच येते. तसं नाटक इथे नाही आणि त्याची जागा दुसरं काही घेत नाही.

तर, करमतं. यांनाही करमतं, पण यांचं उत्तर यांनाच विचारा. जूनच्या पहिल्या आठवड्यात या. सकाळची कसारा लोकल पकडा, आसनगावला उतरा, शेअर रिक्षात बसून बाजारापाशी सोडायला सांगा. मी तिथेच असेन. आणि येताना ग्रंथसंग्रहालयातून माझी दोन पुस्तकं बदलून आणलीत तर फार बरं होईल. काकडं मी घेऊन ठेवते.